गाणे ऐकवा, गरिबी दाखवू नका!

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा आम्ही अगदी नियमाने बघतो. आमच्या घरी शनिवार-रविवारची जेवणे त्या वेळेच्या आत उरकतात, आणि नाही उरकली तर सगळे आपापली ताटे घेऊन टीव्हीसमोर येऊन बसतात. यावर आमच्या स्नेह्यांपैकी काही सुशिक्षित मंडळी नाके मुरडतात. ‘हा सगळा बाजार आहे, यातून का कुठे गायक तयार होतो?’ असा त्यांचा सवाल असतो. आमचे उत्तर तयार असते. श्रेया घोषाल याच वाटेने आली. लहानपणी ‘सा रे ग म’च्या मुलांच्या विशेष स्पर्धेत तिने बाजी मारली होती. अरिजित सिंग २००५ साली ‘फेम गुरुकुल’ नावाच्या स्पर्धेत होता, आणि जिंकला नव्हता! नेहा कक्कर ‘इंडियन आयडॉल’च्या दुसऱ्या पर्वात स्पर्धक होती, बाहेर पडली, आणि पुढे त्याच कार्यक्रमात परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसली. तेव्हा बाजार आहे हे मान्य. पण बाजारातही चांगली भाजी मिळते, फक्त निवडता आली पाहिजे.

आम्हांला हा नाद लागला तो २००८-०९ च्या मराठी ‘लिटिल चॅम्प्स’पासून. वाचक भगिनींना ते पर्व आठवत असेलच. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. ही पाच नावे त्या वर्षी महाराष्ट्रात शाळेच्या हजेरीपटासारखी सर्वांना पाठ होती. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करीत, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षण करीत, आणि गुण आकड्यांत न देता स्वरांत देत. एखाद्याला ‘वरचा सा’ मिळाला की आमच्या चाळीतल्या चार-पाच घरांतून एकाच वेळी टाळ्या ऐकू येत!

आमची मते तेव्हाही ठाम होती. आर्याचा आवाज घासूनपुसून स्वच्छ केलेल्या पितळी भांड्यासारखा. त्यात बोट ठेवायला जागा नाही. प्रथमेश लहान वयातच बैठकीला बसलेल्या बुवांसारखा गाई. मुग्धा इतकी लहान की ती गाऊ लागली की आमच्या आजींना गाण्यापेक्षा तिचेच कौतुक. रोहित अंगात वारे भरल्यासारखा गाई, कधी सूर निसटे, पण तो मंचावर आला की झोपलेली माणसे उठून बसत. आणि कार्तिकी! गौळण, अभंग गाताना तिच्या आवाजाला जो मोकळा, रानातला उठाव होता, तो शिकवून येत नाही असे आमचे मत होते आणि आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये ती विजयी झाली, तेव्हा ‘आर्याच पहिली यायला हवी होती’ म्हणून आमच्या शेजाऱ्यांनी दोन दिवस आमच्याशी अबोला धरला होता. परंतु एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. तो वाद गाण्याचा होता. कोणाची फिरत चांगली, कोणाचा ठेहराव चांगला, लोकांनी मते कोणाला द्यावीत, यावर भांडण होते. कोणाच्या बापाचा धंदा काय, यावर नव्हते.

पुढे दहा वर्षांनी आमचा रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उतरला. हे पर्व ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २३ फेब्रुवारी २०२० रोजी त्याची अंतिम फेरी झाली. लातूरचा मुलगा हिंदीच्या मंचावर गातो आहे म्हटल्यावर आमच्या घराचे मत कोणाला, हे सांगायला नकोच. पण त्याच पर्वात पंजाबातल्या भटिंड्याहून सनी नावाचा एक मुलगा आला. शिक्षण बेताचे, गाण्याची रीतसर तालीम नाही, नुसरत फतेह अली खाँ यांची गाणी ऐकून ऐकून शिकलेला. त्याने पहिल्याच दिवशी आवाज लावला आणि आमच्या हातातला घास हातातच राहिला. वरच्या पट्टीत जाताना चांगले चांगले गायक गळ्याच्या शिरा ताणतात. हा मुलगा वर गेला की उलट सैल होत असे, जणू तिथेच त्याचे घर. सरगम घेताना तो कधी कधी वाहवत जाई, आणि हलकीफुलकी सिनेमाची गाणी त्याला फारशी मानवत नसत, हेही आम्ही त्याच वेळी बोलून दाखवले होते. अंतिम फेरीत तो पहिला आला, रोहित दुसरा, अंकोना मुखर्जी तिसरी. रोहित हरला म्हणून वाईट वाटले, पण निकाल चुकला असे आमच्यापैकी एकालाही वाटले नाही.

बाहेर मात्र निराळेच ऐकू आले. दुसऱ्या दिवशी कामाच्या ठिकाणी, लोकलमध्ये, भाजीच्या गाडीवर एकच वाक्य : ‘बूट पॉलिश करणारा होता ना, म्हणून मते मिळाली त्याला!’

या वाक्याने आमचा संताप झाला. परंतु शांतपणे विचार केला तेव्हा ध्यानात आले की बोलणाऱ्यांचा दोष निम्माच आहे. त्यांना हे शिकवले कोणी? चार-साडेचार महिने कार्यक्रमानेच त्या मुलाची ओळख तशी करून दिली. सनी बूट पॉलिश करीत असे, त्याची आई फुगे विकीत असे, हे एकदा सांगितले, दोनदा सांगितले, आणि मग दर काही आठवड्यांनी सांगितले. पडद्यावरचे रंग उडवायचे, मागे व्हायोलिन रडवायचे, आईच्या डोळ्यांजवळ कॅमेरा न्यायचा, मग परीक्षकांचे डोळे पुसणे दाखवायचे. या सगळ्यात गाणे किती मिनिटे आणि कथा किती मिनिटे, हे घड्याळ लावून बघावे! आणि हे सारे झाल्यावर तो मुलगा पंचवीस लाखांचे बक्षीस घेऊन खाली उतरतो, तेव्हा त्याच्या गळ्याची कमाई त्याच्याच गरिबीच्या खात्यावर जमा झालेली असते. ज्याने स्वतःच्या बळावर मिळवले, त्यालाच ‘दया आली म्हणून दिले’ असे ऐकावे लागते. याहून मोठा अपमान कलावंताचा दुसरा कोणता?

माणसाची ओळख त्याच्या धंद्यावरून करायची ही सवय आपल्या देशाला नवी नाही, आणि आमच्या वाचकांना तर ती समजावून सांगण्याची गरजच नाही. याच स्पर्धेचा २००७ सालचा विजेता आठवा. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग. कोलकाता पोलिसांत शिपाई होता. शिलाँगचा अमित पॉल त्याच्यासमोर होता. आमच्या मते निव्वळ गाण्यात अमितच सरस होता, पण दार्जिलिंगच्या डोंगरातल्या माणसांनी फोनवरून मतांचा पाऊस पाडला आणि प्रशांत जिंकला. आपल्या माणसाला मत द्यावेसे वाटणे यात गैर काही नाही. आम्ही रोहितला काय म्हणून मत दिले होते? पण प्रशांत जिंकल्यावर दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने, हे लोक आता गाऊ लागले तर रात्री पहारा कोण देणार, अशा अर्थाची थट्टा केली. त्यावरून सिलिगुडीत दंगल उसळली, सैन्य बोलवावे लागले. जिंकून आलेल्या गायकालासुद्धा दरवाज्यावरचा चौकीदारच समजायचे, ही ती वृत्ती. ‘बूट पॉलिशवाला’ म्हणून कौतुक करणारे आणि ‘चौकीदार’ म्हणून हिणवणारे, यांच्यात आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. एक रडून बोलतो, दुसरा हसून बोलतो, एवढेच.

गरिबी हीच पात्रता ठरली की आणखी एक विचित्र प्रकार होतो. बाराव्या पर्वात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, राजस्थानचा सवाई भाट आला. कठपुतळीचा खेळ करणाऱ्या घराण्यातला. खडा, उघडा, वाळवंटाला पुरेल असा आवाज. पण लोकांनी चर्चा कशाची केली? तर हा खरोखरीच इतका गरीब आहे की नाही याची! याचे जुने फोटो काढा, हा पूर्वी कुठे स्टेजवर गाताना दिसतो का बघा. म्हणजे गाण्याची परीक्षा राहिली बाजूला आणि दारिद्र्याची परीक्षा सुरू झाली. त्याच पर्वातली आपल्या मुंबईची सायली कांबळे हिचे वडील रुग्णवाहिका चालवीत. करोनाच्या काळात ते काम किती धोक्याचे होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि लेकीला बापाचा अभिमान असणारच. पण सायली चांगली गात होती, हे आधी सांगा ना! लावणीचा ठसका आणि जुन्या हिंदी गाण्यांतली नजाकत एकाच गळ्यातून काढणारी ती त्या पर्वात आम्हांला एकटीच वाटली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी जी अंतिम फेरी झाली, ती तब्बल बारा तास चालली. उत्तराखंडचा पवनदीप राजन पहिला, अरुणिता कांजीलाल दुसरी आणि सायली तिसरी. अरुणिता अधिक तयार, याबद्दल दुमत नाही. पवनदीप-अरुणितांच्या जोडीच्या ज्या लटक्या प्रेमकथा मधूनमधून रंगवल्या जात, त्यांचा वेळ मात्र गाण्याला दिला असता तर बरे झाले असते.

त्याच पर्वात किशोरकुमारांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला आणि त्यांचे चिरंजीव अमितकुमार पाहुणे आले होते. नंतर त्यांनी जाहीरपणे सांगून टाकले की, सगळ्यांची स्तुती करा असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि कार्यक्रम आपल्याला काही आवडला नाही. मोठा गहजब झाला. आमच्या मते त्यांनी खरे बोलून उपकारच केले. कारण खोटी स्तुती ही दयेचीच बहीण. मुलगा बेसूर झाला तर ‘बाळा, इथे तू खाली आलास’ असे त्याला सांगणे, हा त्याला दिलेला मान आहे. उभे राहून टाळ्या वाजवणे सोपे असते.

हे सर्व आम्ही दुरून लिहीत नाही. आमच्या थोरल्या भावाचा मुलगा गातो. भाऊ रेल्वेच्या कारखान्यात खलाशी म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. वहिनी घरी साड्यांचे फॉल-पिको करतात. दोन वर्षांपूर्वी हा मुलगा अशाच एका स्पर्धेच्या निवडचाचणीला गेला. पहाटे पाचपासून रांग, छातीवर क्रमांकाचे कागद, आणि दुपारी दोनच्या सुमारास जेमतेम दोन मिनिटे गाणे. त्यानंतर एक मुलगी वही घेऊन आली आणि विचारू लागली. घरात कोणी आजारी आहे का? वडील दारू पितात का? कर्ज? शिक्षण सुटले का? हा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणत गेला. शेवटी ती वैतागून म्हणाली, ‘काहीतरी असेलच ना?’ हा म्हणाला, ‘वडिलांना पेन्शन आहे, मी बी. कॉम. करतो, आणि रोज सकाळी दीड तास रियाज करतो.’ तिने वहीत काहीतरी खरडले आणि पुढच्या मुलाकडे वळली. त्याची निवड झाली नाही. गाणेच त्या दिवशी कमी पडले असेल. आम्ही ऐकायला तिथे नव्हतो, तेव्हा तक्रार करणार नाही. पण घरी आल्यावर तो आईला हसत हसत म्हणाला, ‘आई, आपण पुरेसे गरीब नाही गं!’ वहिनींना मात्र हसू आले नाही. त्या म्हणाल्या, ‘आम्ही जे सोसले ते संपावे म्हणून सोसले. ते पुन्हा कॅमेऱ्यापुढे काय म्हणून काढायचे?’

आमच्या धाकट्या लेकीचे मत याहून वेगळे आहे आणि तेही लिहिले पाहिजे. तिचे म्हणणे, सनीची हकीगत जगाला कळली म्हणूनच कितीतरी पोरांना धीर आला. लपवून ठेवण्यात कसला आला आहे स्वाभिमान? हे आम्हांला पटते. पण लपवा असे आम्ही म्हणतच नाही. सांगायचे तर त्याने सांगावे, त्याच्या तोंडाने, त्याला वाटेल तेव्हा, एकदा. व्हायोलिनवाल्याने सांगू नये. यावर लेक म्हणते, ‘मग कार्यक्रम बघणार कोण?’ हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. लिटिल चॅम्प्सची ती पाचही मुले २०२१ मध्ये त्याच मराठी कार्यक्रमात परीक्षक होऊन बसली, तेव्हा आम्ही तिला म्हटले, बघ, यांना लोकांनी बारा वर्षे लक्षात ठेवले ते गाण्यामुळेच ना? त्यावर तिचे उत्तर आले, ‘गोड दिसत होती म्हणूनसुद्धा!’ आता यावर काय बोलावे?

पुतण्या पुन्हा चाचणीला जाणार आहे. या खेपेला कोणते गाणे घ्यावे यावर घरात खल चालू आहे. त्याला काळी पाचमध्ये गायचे आहे, त्याचे गुरुजी काळी तीन सोडायला तयार नाहीत, आणि वहिनींनी नवा सदरा शिवायला घेतला आहे.