दुसऱ्या गिअरमधला घाट

घाट उतरावा तो पायी किंवा एस.टी.ने, असे माझे फार वर्षांचे मत होते. पायी उतरताना घाट दिसतो आणि एस.टी.तून उतरताना झोप लागते. सुख दोन्हीकडे आहे. परंतु गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आंबेनळीचा घाट मी मोटारसायकलवरून उतरलो आणि तोही निम्माअधिक दुसऱ्या गिअरमध्ये! त्याची ही हकीकत.

साताऱ्याहून निघून महाडला माझ्या थोरल्या बहिणीकडे जायचे होते. बरोबर आमचे चिरंजीव. वय एकोणीस, बी.कॉम.चे दुसरे वर्ष. "मला कॉलेज सोडून आय.टी.आय.ला जायचंय, गाड्यांचं काम शिकायचंय," असे त्याने दसऱ्याच्या दिवशी जाहीर केले होते. तेव्हापासून आम्हा बापलेकांत मीठ-भाजीपुरतेच बोलणे उरले होते. मराठी शिकवण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याच्या मुलाने हातात पाना घ्यावा, हे मला पचत नव्हते. ताईचा शब्द घरात कोणी मोडत नाही. तिने त्याचे कान उपटावेत, हा माझा अंतस्थ हेतू. तो त्यालाही कळलेला असणार. म्हणूनच मागे तो दगडासारखा बसून होता.

महाबळेश्वर ते पोलादपूर अंतर सुमारे ४० किलोमीटर. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. आपणही तिच्याच वाटेने निघालो आहोत, असे या रस्त्यावर वाटते. पाऊस नुकता सरलेला. कड्यांवर अजून पाण्याच्या पांढऱ्या रेघा होत्या, आणि कडेचे गवत पिवळे पडू लागले होते. हीच ती जावळी! महाराजांनी ती १६५६ साली मोऱ्यांकडून घेतली आणि त्याच सुमारास प्रतापगड उभा राहिला. अबोला असला तरी मास्तरकी सुटत नाही. वाडा कुंभरोशी मागे टाकल्यावर मी हेल्मेटातूनच ओरडून १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग सांगू लागलो, आणि गड दाखवण्यासाठी डावा हात वर केला.

वळणावर ओला पालापाचोळा पडला होता. पुढे काय झाले ते मला सांगता येत नाही. गाडी डाव्या कुशीवर आडवी झाली आणि आम्ही दोघे रस्त्यावर बसलो होतो एवढे खरे. वेग बेताचा होता, म्हणून तळहाताच्या सालपटांवर निभावले. पण उठून पाहतो तो दरीची कड चार हातांवर! २८ जुलै २०१८ रोजी सहलीला निघालेली एक बस याच घाटात कोसळली होती. आतला एकच माणूस वाचला. ते आठवले आणि माझे पाय लटपटू लागले.

"बाबा, लागलं का तुम्हाला?" कित्येक दिवसांनी त्याने आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न.

गाडी उभी केली. डाव्या पायाशी असणारा गिअरचा दांडा आत दबून इंजिनाच्या झाकणाला चिकटला होता. वर जाईना की खाली. मी एक दगड उचलला.

"नको, बाबा! तिथंच ठोकलं तर आतला शाफ्ट वाकेल. मग पुरं इंजिन उघडावं लागेल. दांडा काढून बाहेर सरळ करायचा असतो."

त्याने खाली वाकून शाफ्टच्या तोंडाशी बोट फिरवले, तेल गळत नाही याची खात्री केली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली होती. "बरंच झालं," तो म्हणाला, "पाचव्यात असती तर उतारावर इंजिनानं धरलं नसतं. आता मी चालवतो." मी निमूटपणे मागे बसलो. तासभर गाडी गुरगुरत, स्वतःच स्वतःला आवरत उतरली. इतिहासाचा एक शब्द मी काढला नाही.

पोलादपूरला संस्कृतात शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ती मुलाला दाखवावी, असे मी योजले होते. पण मी बसलो गॅरेजच्या बाकड्यावर. मिस्त्री दुसऱ्या गाडीत गुंतला होता. मुलाने विचारून दहाचा पाना घेतला. आधी दांड्यावर आणि शाफ्टवर मिळून एक ओरखडा काढला, म्हणजे मूळची जागा चुकत नाही. मग बोल्ट नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढला. "तो शाफ्टच्या खाचेतून जातो," त्याने मला न विचारताच सांगितले, "सैल करून कितीही ओढा, दांडा निघत नाही." फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून तोंड जरासे उघडले, आणि दांडा अलगद हातात आला. त्याला तडा गेला होता. सरळ करण्यात अर्थ नव्हता.

मिस्त्रीकडचा जुना दांडा दिसायला सारखा होता, पण आतले दाते जुळेनात. अखेर पोऱ्याने दुकानातून नवा आणला. पहिल्यांदा तो एक दाता खाली बसला, पायाला अवघडू लागले. मुलाने काढून पुन्हा एक दाता वर बसवला. गाडी स्टँडवर घेऊन, मागचे चाक हाताने फिरवत, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर तपासले.

"कुठं काम करतोस रे?" मिस्त्रीने विचारले.

मुलगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "साताऱ्यात. दुपारी. वर्ष होत आलं."

दुपारी तो अकाउंट्सच्या क्लासला जातो, असा माझा समज होता! नखांतली काळी रेघ मी रोज पाहत होतो; शाई असेल म्हणून सोडून देत होतो. विद्यार्थ्यांना ओळींमधला अर्थ शोधायला सांगणारा मी, घरातली एवढी ठळक ओळ मला वाचता आली नव्हती. राग आला, नाही असे नाही. खोटे बोलणे ते खोटेच. पण खरे सांगायला त्याला मी जागा तरी कुठे ठेवली होती?

महाडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ताई ठरल्याप्रमाणे कमरेला पदर खोचून दारात उभी. "ये रे, तुझ्याशी बोलायचंय मला—"

"ताई," मी म्हटले, "आधी त्याला जेवायला वाढ. आज त्यानं मला घाट उतरवून आणलंय."

बोलणे जेवणानंतर झालेच, आणि रात्री उशिरापर्यंत झाले. क्लासच्या थापेबद्दल त्याने माझी माफी मागितली. पदवी बाहेरून पुरी करायची, ही माझी अट त्याने मानली. दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम, हा त्याचा हट्ट मी मानला. यंदा अर्जावर पालकाची सही मी केली, आणि अक्षर नेहमीपेक्षा जरा बरे यावे म्हणून दोनदा पेन बदलले.

परमानंदांची समाधी राहिली आहे. या सुटीत पुन्हा जायचे आहे. गाडी तो चालवणार. मी मागे बसून प्रतापगड दाखवणार.