पोत्याचा तळ

डोंबिवलीच्या आमच्या शाळेत आयोडीन म्हटलं की मुलांना बटाटा आठवतो. कापलेल्या फोडीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा डाग पडतो. आठवीतल्या एका मुलीने त्याच फोडीवर घरचं आयोडीनयुक्त मीठ भुरभुरवलं. डाग पडेना. “बाई, कंपनीवाले फसवतात का हो?”

फसवत नाहीत. मिठात सुटं आयोडीन नसतंच. रसायनशास्त्रज्ञ कुर्त्वाने 1811 मध्ये समुद्री शेवाळाच्या राखेतून मिळवलेलं आयोडीन थोडी ऊब लागली तरी जांभळी वाफ होऊन उडतं. आपल्या दमट हवेत ते मिठावर टिकलं नसतं. म्हणून घालतात पोटॅशियम आयोडेट. त्याच मिठावर मी आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घातलं, आयोडीन मोकळं झालं, आणि स्टार्चच्या पाण्याने निळा रंग धरला. मुलं खूश.

खरी गंमत पुढे झाली. एका मुलाच्या वडिलांचं कल्याणला किराणा दुकान आहे. पावसाळ्यात त्यांच्याकडे जाड्या मिठाचं एक पोतं ओलावलं होतं. धान्याच्या पोत्यात खुपसतात तशी पोकळ नळी त्यांच्याकडे होतीच. वरचं, मधलं, तळाचं असं मीठ वेगवेगळं काढून आणलं. वरच्याला जेमतेम फिकट छटा आली, तळाचं गडद निळं झालं. पोतं एक, मीठ एक, आणि उत्तरं तीन! ओलाव्यात आयोडेट विरघळतं आणि पाण्याबरोबर खाली झिरपतं. (रंगावरून नेमकं प्रमाण कळत नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचं अनुमापन लागतं.)

शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांतला फरक मला इतक्या सोप्या रीतीने कधी शिकवता आला नव्हता. सोडियम क्लोराइडचा कुठलाही कण घ्या, त्यात 23 भाग सोडियमला 35.5 भाग क्लोरीन ठरलेलंच. आयोडेटचं तसं नाही. किलोभर मिठात 30 मिलिग्रॅम आयोडीन हवं तर आयोडेट लागतं सुमारे 50 मिलिग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या पोत्यात अवघं अडीच ग्रॅम. ते खड्यांना बाहेरून चिकटलेलं. एका चिमटीवरून सगळ्या पोत्याचा निकाल कसा लावायचा?

मग आम्ही स्वच्छ कागदावर तिन्ही मिठं एकत्र केली, ढीग रचला, त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन बाजूला सारले आणि उरलेलं पुन्हा कालवलं. हे दोनतीनदा केल्यावर जे हाती आलं, त्याला नमुना म्हणावं.

पण मिठात आयोडीन घालायचंच कशाला? कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामींनी 1956 पासून केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसलं. आज कायद्याने ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान 15 भाग आयोडीन हवं. घरी जाडं मीठ वापरत असाल तर बरणी कोरडी आणि घट्ट बंद ठेवा, आणि घेताना तळापासून ढवळून घ्या.