पन्हाळी

अक्षय तृतीया म्हटलं की अनेकांना सोनं आठवतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो दिवस आधी पितरांचा. गव्हाच्या राशीवर नवी मातीची घागर मांडायची, पाण्यात वाळा टाकायचा, तोंडावर खरबूज ठेवायचं आणि वडे, कुरड्या, चिंचवणी, आंब्याचा रस असा नैवेद्य दाखवायचा. उन्हाची काहिली इतकी, की गेलेल्या माणसालाही तहान लागली असेल, ही त्यामागची माया. शास्त्रात याला उदककुंभाचं दान म्हणतात. दान म्हटलं, की घेणारं कुणीतरी जिवंत माणूस हवं.

आमच्या घरी हे दान एका घागरीत मावत नसे. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आपल्या आईच्या नावानं दारव्ह्याला स्टेशनच्या वाटेवर पाणपोई घातली होती. पऱ्हाट्यांचा मांडव, वर पळसाची पानं, खाली ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला तेव्हा कोळशाच्या इंजिनावर धावायची, आणि धावायची म्हणजे रमतगमत यायची. उतरलेली माणसं घामानं आणि कोळशाच्या कणांनी माखलेली असत. ती थेट मांडवाखाली येत.

त्या मांडवात टिनाची एक पन्हाळी होती. गावकुसाबाहेरची माणसं आली, की आबाजींचा माणूस पन्हाळीच्या वरच्या टोकाला पाणी ओती आणि ती माणसं खालच्या टोकाशी वाकून, ओंजळ लावून पीत. बाकीच्यांना पेला. महाडला चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलं गेलं, पण आमच्या मांडवातली पन्हाळी त्यानंतर कित्येक दशकं टिकली. आबाजी दयाळू होते. भर दुपारी स्वतः कावडीनं पाणी वाहत. तरीही पन्हाळी त्यांचीच होती, आणि हे दोन्ही खरं आहे.

आबाजी गेल्यानंतरच्या पहिल्या अक्षय तृतीयेला बाबांनी पाणपोई पुन्हा घातली. रांजण तेच, पाटीवर आबाजींचं नाव. पन्हाळी मात्र नव्हती. सगळ्यांना एकच ओगराळं, एकसारखे पेले. भावकीतले दोघे-तिघे घरी येऊन बसले. बापाच्या नावानं पाणी पाजतो आणि बापाची रीत मोडतो, असं त्यांचं म्हणणं. बाबा कमी बोलायचे. ते एवढंच म्हणाले, "आबाजीनं पाणी पाजलं, ते मी पाजतो. पन्हाळी त्यांच्यासंगं गेली."

पुढे कॉलेजात तैत्तिरीय उपनिषदातली शिक्षावल्ली वाचताना हे वाक्य मला आठवलं. तिथं शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला गुरू निरोप देतो. आईला, वडिलांना देव मान, असं सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की आमची जी वागणूक चांगली असेल तेवढीच उचल, बाकीची नको. त्यानंतर द्यायला शिकवतो: श्रद्धेनं दे, संकोचानं दे, भीत भीत दे. आईवडिलांची भक्ती, त्यांच्या वागण्यातली निवड आणि दान या तिन्ही गोष्टी तिथं एका श्वासात येतात. आपण पहिली तेवढी पाठ केली. बाबांनी उपनिषद वाचलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते नारळाच्या शेंडीनं रांजण आतून घासायचे, वाकून, अर्धे आत जाऊन, आणि त्यांचा आवाज रांजणातून घुमत बाहेर यायचा. तो आवाज मला आजही हवा आहे.

बाबा गेले त्या वर्षी पाऊसही रुसला होता. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणाऱ्या निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला. टँकरमागे हंड्यांच्या रांगा लागल्या. १८ एप्रिलला अक्षय तृतीया होती. रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्यातून मी बाबांच्या नावाची पहिली घागर भरली, पाटापुढे मांडली आणि तिथंच रडत बसले. नैवेद्य झाल्यावर आई म्हणाली, "आता घागर बाहेर ने. ज्याले तहान हाये, त्याले दे." गल्लीत गटाराचं काम चाललं होतं. ती माणसं आली, हातानं पेला बुडवून प्याली, आणि घागर दुपारच्या आतच रिकामी झाली. आईनं ती विसळून पुन्हा भरायला लावली.

शकुंतला आता बंद आहे. स्टेशनच्या वाटेवर उतारू नाहीत, म्हणून आमची पाणपोई यवतमाळच्या घरापुढे आली.

यंदा आईवडिलांच्या नावानं पाणी ठेवणार असाल तर ते फाटकाच्या बाहेर ठेवा. पाटीवर त्यांचं नाव लिहा, न लिहा. पण शेजारी पेला ठेवा आणि येणाऱ्याला आपल्या हातानं पाणी घेऊ द्या.