छावणीची सावली

‘चांगली वस्ती’ म्हटली की रुंद रस्ते, दुतर्फा झाडी, आवारात मागे सरलेले बंगले आणि फाटकावरचा पहारेकरी, असे चित्र डोळ्यांपुढे येते. आपल्याकडच्या अनेक गावांत ते छावणीने आणले. आमची हिंगोली निजामाच्या राज्यातली, पण तेथील फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली होती. १९०३ साली ती गेली. रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे मागे राहिली. ती उच्चारताना आम्हांला घोडा वा तोफ आठवत नाही. कोण कुठल्या मोहल्ल्याचा, एवढेच कळते.

याच छावणीविषयी मेडोज टेलरने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. हरीसिंग हा तेथील प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणण्याचा परवाना त्याने अधिकाऱ्याकडून मिळवला, मालाच्या खऱ्या मालकाला ठार केले आणि तो माल छावणीत उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आतही खून झाले, असे टेलर सांगतो.

ही साक्ष सत्ताधाऱ्याची आहे. ठगांविषयीची वसाहतकालीन कथने अभ्यासक सावधपणे वाचतात, तशीच तीही वाचावी. तरी तिच्यातील एक गोष्ट साहेबाच्याच विरुद्ध जाते : त्याचा भरवसा पहाऱ्यावर आणि परवान्यावर होता, आणि हरीसिंगाने नेमका तोच वापरला.

आजही चांगल्या वस्तीत घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारतात. घर शोधताना त्या प्रश्नाला आम्हीही उत्तर दिले आहे. प्रतिष्ठिताला मात्र फाटकावर कोणी काही विचारत नाही.