केडगावची मुद्रिते

धाकटा बंधू तीन वर्षे अंथरुणास खिळून होता. शिरूरच्या आमच्या घरी सायंप्रार्थना नेमाने चाले. परंतु माझे ओठ हलत, मन कोरडेच राही. एकदा कामानिमित्त दौंडास जावयाचे होते. न्हावरे-चौफुला मार्गाने जाता जाता केडगावास मुक्ति मिशनात थांबलो, आणि पंडिता रमाबाईंचे चरित्र नव्याने डोळ्यांपुढे उभे राहिले. दुष्काळात आईबाप गेले. 1880 साली भाऊ, 1882 साली पती. 1883 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही कित्येक वर्षे मनास शांती लाभली नाही, हे बाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 1921 साली एकुलती एक मनोरमाही गेली. तरी बायबलाच्या मराठी भाषांतराची मुद्रिते तपासणे त्यांनी सोडले नाही. ते काम पुरे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूपाशी गेल्या.

श्रद्धा म्हणजे मनाची उभारी, असे मी समजत होतो. उभारी येते नि जाते. हाती घेतलेले काम मात्र रोज करता येते. त्या रात्री घरी परतल्यावर बंधूचे अंथरूण नीट केले आणि कोरड्याच मनाने प्रार्थनेस बसलो. मन अजूनही पुष्कळदा कोरडे असते. पण आता मी मध्येच उठून जात नाही.