शिंगटी की मागूर?

मुलांनो, तुमच्या गावच्या नदीत किती जातींचे मासे आहेत, सांगता येईल? मला नव्हतं येत. आणि मी तर शिकवणारा माणूस!

आमच्या निलंगा तालुक्यात औराद शहाजानीजवळ तेरणा नदी मांजरेला मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच हा लातूर जिल्हा. त्यामुळे पावसाळ्यात नदी वाहू लागली की आमच्या मुलांचा पाय घरात ठरत नाही. गेल्या श्रावणात मीही त्यांच्याबरोबर गेलो. काठावर एक भोई आजोबा जाळं झटकत होते. त्यातून बोटभर लांबीचा, चंदेरी, मिशाळ मासा खाली पडला.

"मागुराचं पिल्लू!" मी ठोकून दिलं आणि उचलायला वाकलो.

"गुरुजी, हात लावू नका, काटा मारतंय!"

तोवर उशीर झाला होता. अंगठा संध्याकाळपर्यंत ठणकत होता.

म्हटलं, आता नीटच बघू. आजोबांनी मासा देऊन टाकला. तो पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत सोडला. "मिशा मोजा रे!" चार जोड्या. पण मागुरालाही चारच जोड्या असतात, आणि खवले दोघांनाही नाहीत. झाली का पंचाईत? मग पाठ पाहिली. मागुराच्या पाठीवरचा पर लांबलचक, पार शेपटीजवळ पोचणारा. याचा आखूड, पुढच्या कडेला टणक काटा असलेला. त्याच्यामागे आणखी एक पर, तो मात्र मऊ, मांसल, बिनकाट्याचा. मागुराची शेपटी गोल, याची कात्रीसारखी दुभंगलेली. छातीजवळच्या दोन्ही परांनाही एकेक काटा, त्याला करवतीसारखे दाते. माझ्या अंगठ्याला भेटला तो बहुधा हाच!

एवढी चौकशी कशाला, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे पाण्यात आफ्रिकेतला मागूर शिरला आहे. तो इथले मासे फस्त करतो, म्हणून त्याच्या पालनावर सरकारनं बंदी घातली आहे. हा तो असता, तर नदीत परत सोडणं बरोबर नव्हतं.

"आवो, ही शिंगटी!" आजोबा हसत होते. "शिंगं हायेत की तिला." शिंगटी पाण्यात गेली आणि क्षणात दिसेनाशी झाली.

घरी पुस्तक काढलं, तर गंमतच. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. पुष्कळ माशांना शास्त्रीय नावं देताना त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. जगभरचे शास्त्रज्ञ आजही एका माशाला 'मिस्टस सींगटी' म्हणतात!

मग आमचा मासा तोच का? छातीठोक सांगवेना. एकदा ठोकून दिल्याची शिक्षा अंगठ्यानं भोगलीच होती. या घराण्यात 'मिस्टस कॅव्हॅशियस' नावाचा अगदी जुळा शोभेल असा मासा आहे, आणि आमचा तर नदीत निघून गेलेला. म्हणून वर्गाच्या वहीत 'मिस्टस' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खाली एका मुलीनं पेन्सिलीनं लिहिलेलं : 'आजोबा म्हणतात, शिंगटी.' ते तसंच ठेवलं आहे.