लेक परगावी इंटर्नशिपला निघाली, मग जेवणाचं काय?



लेक मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. उन्हाळ्यात 8 आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली ती थेट चेन्नईजवळच्या ओरगडमला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. कोल्हापुरात मंदिरात भेटणारी प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारायची, "आणि जेवणाचं काय?" काम काय आहे, ती काय शिकणार, हे विचारणाऱ्या दोघी-तिघीच.

प्रश्न काळजीपोटी होता, त्यामुळे राग नाही आला. पण मनात आलं, मुलगा निघाला असता तर हाच प्रश्न एवढ्या जोरात आला असता का? मुलगा शिकायला बाहेर जातो म्हणून आपल्या समाजानं शंभर वर्षांपूर्वीच बोर्डिंगं काढली. दक्षिण भारत जैन सभा 1899 सालची. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहूनच शिकले. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा आपण त्यांचं शिक्षण थांबवलं नाही, जेवणाची सोय केली. मुलीच्या वेळी तीच अडचण 'नको पाठवू' म्हणायला पुढे येते.

घरात सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. "कारखान्यात हिंसा नाही का गं?" त्यांना उडवून लावणं मला बरं वाटेना, कारण प्रश्न खरा होता. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. स्वयंपाकातली आरंभी आणि उपजीविकेतली उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, तिथे जपून वागायचं, होईल तेवढी कमी करायची. आदिनाथ भगवंतांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मं शिकवली. यंत्र घडवणं हे शिल्पच की! आणि जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात भगवंत ब्राह्मीला लिपी शिकवतात आणि सुंदरीला अंक. अंकविद्येचा मान मुलीकडे. हे ऐकल्यावर सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग सुंदरीला पाठवायलाच हवं." तेव्हापासून लेकीचं घरातलं नाव सुंदरी.

परवानगी मिळाली, पण प्रश्न सुटला नव्हता. लेकीचे नियम तिने स्वतः घेतलेले आहेत: रात्रिभोजन त्याग, कंदमूळ त्याग, गाळलेलं पाणी. पीजीत स्वयंपाकघर नाही, फक्त खोलीत छोटा इलेक्ट्रिक कुकर चालेल असं सांगितलेलं.

मी सवयीने चकल्या, लाडू, भाजणीचे डबे भरायला काढले. सासूबाईंनी हात धरला. "पिठाची मर्यादा उन्हाळ्यात 5 दिवस, पाऊस लागला की 3. दोन महिन्यांचं पीठ कशाला बांधून देतेस?" मग आम्ही पेटीच वेगळी भरली. तांदूळ, मूग, तूरडाळ, शेंगदाणे, फुटाणे, गूळ. मसाला दळून दिला नाही. अख्खे जिरे, मिरे, धने आणि एक लहानसा खलबत्ता दिला. पाण्यासाठी दुहेरी गाळणं आणि किटली. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटं, कामावर दर 48 मिनिटांनी कोण गाळणार? उकळलेलं पाणी 24 तास चालतं. सकाळी उकळून बाटली भरायची, एवढंच.

तरी एक गोष्ट आम्हा कुणाच्या डोक्यात आली नव्हती, ती म्हणजे तिथला सूर्य.

जून महिन्यात कोल्हापुरात सूर्यास्त साधारण 7 वाजून 5 मिनिटांनी होतो. चेन्नईत 6 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास. सरळ अर्धा तास आधी! सुंदरीनेच समजावलं. चेन्नई आपल्याहून 6 रेखांश पूर्वेला आहे, एका रेखांशाला 4 मिनिटं म्हणजे 24 मिनिटं झाली. शिवाय ती बरीच दक्षिणेला, त्यामुळे उन्हाळ्यातला दिवस तिथे आपल्यापेक्षा लहान. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण सूर्य काही घड्याळ बघून मावळत नाही.

तिची पाळी साडेपाचला सुटायची. बस रस्ता मोकळा असेल तर सव्वासहाला पोचायची, नाहीतर पावणेसात. पहिल्या आठवड्यात तीन दिवस संध्याकाळी पाणीसुद्धा मिळालं नाही. तिसऱ्या रात्री फोनवर आवाज खोल गेलेला. मैत्रिणींनो, त्या रात्री माझ्या ओठांवर आलं होतं, 'दोन महिने सोड गं, घरी आलीस की परत घे.' आईचं मन दुसरं काय म्हणणार? पण नियम तिने महाराजांसमोर घेतला होता, माझ्यासमोर नव्हे. तो सोडायला सांगायचा अधिकार माझा नव्हता, आणि रेटून पाळायला लावण्याचाही. मी एवढंच विचारलं, "तू काय ठरवतेस?"

ती म्हणाली, "उद्या साहेबांशी बोलते."

वीस वर्षांची मुलगी, नवं गाव, भाषा येत नाही, विभागात बाकी सगळे पुरुष. तिने जाऊन सांगितलं की सूर्यास्तानंतर मी जेवत नाही, तर 5 वाजता 15 मिनिटं मिळतील का? साहेबांनी विचारलं, "विरदम?" तमिळमध्ये व्रताला विरदम म्हणतात. शबरीमलाचं व्रत धरणारे, रोजे ठेवणारे लोक त्यांच्या हाताखाली कायम असतात. त्यांना समजावून सांगायची गरजच पडली नाही. चहाच्या सुट्टीची वेळ थोडी पुढे सरकवून मिळाली. घरी आम्ही महिनाभर ज्याची चिंता केली, ते एका वाक्यात सुटलं. फक्त ते वाक्य तिला स्वतः उच्चारावं लागलं.

मग जेवण बसलं. सकाळी 7 ला कुकरमध्ये मुगाची खिचडी. शिजलेल्या डाळभाताची मर्यादा 6 तास, म्हणून ती साडेबाराच्या सुट्टीतच संपवायची. 5 वाजता फुटाणे, शेंगदाणे, गूळ, केळी. सांबारात छोटे कांदे असतात, ते चालत नाही. दहीभात बघून तिला आनंद झाला होता, पण फोडणीत उडदाची डाळ, म्हणजे द्विदल! शेवटी कँटीनच्या आचाऱ्यांना तिने खुणा करून विचारलं, तेव्हा कळलं की तिकडे साधं तूरडाळीचं वरण वेगळं शिजवतात, परुप्पु म्हणतात. ते ताजं वरण-भात तिला अधूनमधून मिळू लागलं.

काम होतं तपासणी विभागात. मायक्रोमीटर घेऊन दिवसभर दांड्यांचे व्यास मोजायचे. तिने सांगितलेली एक गोष्ट सासूबाईंना फार आवडली. मशीनवरून उतरलेला गरम तुकडा लगेच मोजायचा नाही, कारण पोलाद तापलं की वाढतं. 100 मिलीमीटरचा दांडा 10 अंशांनी तापला तर साधारण 11-12 मायक्रॉन वाढतो, आणि मोजमापाचं जगभरचं प्रमाण 20 अंश सेल्सिअसला धरलेलं आहे. तुकडा निवू द्यायचा, मग मोजायचा. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तिथेही मर्यादा आहेच की."

एका रविवारी ती वंदवासीजवळच्या पोन्नूरच्या टेकडीवर जाऊन आली. कुंदकुंदाचार्यांच्या चरणपादुका तिथे आहेत. समयसार आपण मंदिरात बसून ऐकतो. त्या आचार्यांच्या तपाची भूमी म्हणून पूजलेल्या टेकडीवर लेक उभी आहे, हे ऐकून मला भरून आलं. तिथे तमिळ जैन बायका भेटल्या. आपल्यासारखेच दिगंबर, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ बोलणारे. भाषा कळेना, पण णमोकार मंत्र दोघींचा एकच. एका मावशींनी संध्याकाळ व्हायच्या आत हाताला धरून पानावर बसवलं. केळफुलाची भाजी, पडवळ, भात. ती म्हणाली, "आई, मला नियम सांगावा लागला नाही असं हे इथलं पहिलंच जेवण."

8 आठवडे झाले, लेक आली. थोडी वाळली आहे, पण बोलणं ठाम झालंय. पूर्वी ती संध्याकाळी मला विचारायची, "आई, वेळ झाली का?" आता स्वतःच सूर्यास्त बघून ताट घेते. घरात नियम मी सांभाळत होते, घड्याळ मी बघत होते, पाणी मी गाळत होते. दूर गेल्यावर तो सगळा भार तिच्यावर आला, आणि तेव्हा कुठे तो नियम पुरता तिचा झाला.

ज्यांच्या मुली पुढच्या उन्हाळ्यात निघणार आहेत त्यांना एवढंच सांगेन. त्या गावचा सूर्यास्त आधी बघून ठेवा. पीठ कमी, अख्खं धान्य जास्त द्या. जवळचं मंदिर शोधून ठेवा, तिथे एखादी मावशी भेटतेच. आणि आपला नियम काय आहे, हे पहिल्याच दिवशी, हसतमुखानं, न लाजता सांगायला तिला शिकवा. एवढं केलंत की मंदिरात कुणी जेवणाचं विचारलं तर उत्तर तयार असेल, आणि मग त्यांना सांगता येईल की लेक काय शिकायला गेली आहे.

जय जिनेंद्र.